बारा फुटांवरची खुर्ची

१

काकूंच्या घरी काम करायला आलेल्या मिस्त्रीला सगळी वस्ती 'इंचभर' म्हणून ओळखायची. कुठलंही काम दाखवा, हा टेप ओढणार, एक डोळा मिटणार आणि म्हणणार, "इंचभर कमी पडतंय." आणि मग कुठून तरी तो इंच काढूनही देणार. टीव्हीचं युनिट असो की स्वयंपाकघरातली मांडणी, माणूस कामाला वाघ होता. फक्त चहा त्याला दर तासाला लागायचा.

या घरात मात्र इंचभरावर भागणार नव्हतं. बैठकीच्या खोलीत भिंतीत पक्कं केलेलं एक शोकेस होतं, आधीच्या मालकाने करून घेतलेलं. सहा फूट रुंद, सोळा इंच खोल. मधे टीव्हीची जागा, दोन्ही बाजूंना दोन उभे कप्पे, खाली खण. आणि जमिनीवर तीन खोक्यांत काकांचा संसार: दोन मोठे लाकडी स्पीकर, आवाज वाढवणारा ट्रंकेएवढा ॲम्प, तबकड्यांचा प्लेअर, आणि वायरींचा असा गुंता की बघूनच डोळे फिरावेत.

"काकू, हा हत्ती आणि ही माडी," मिस्त्री म्हणाला. "स्पीकरच चौदा इंच खोल आहे. मागे वायरीला दोन इंच तरी सोडायला लागतात. म्हणजे सोळाला सोळा. ॲम्पला तर हवाच मिळणार नाही, तापून मरेल."

"कपड्याला माया सोडतो तशी सोडा ना कुठून तरी."

"कापड ताणतं हो. प्लाय नाही ताणत."

काकूंनी चाळीस वर्षं कोट शिवले होते. बायकांचे नाही, पुरुषांचे, अस्तर लावून, खांद्यात भरणा घालून. त्यामुळे मापाच्या गोष्टीत त्यांना कोणी शिकवलेलं आवडत नसे. त्यांच्या मापाच्या वह्यांचा एक गठ्ठा अजून पलंगाखाली होता. गिऱ्हाईक गाव सोडून जावो नाहीतर जग सोडून, माप पुसायचं नाही, पान फाडायचं नाही, हा त्यांचा नियम. लोक हसायचे. काकू म्हणायच्या, माणूस परत आला तर काय उघडा पाठवू?

काका जाऊन दोन वर्षं झाली होती. दिवसभर ते लोकांच्या कानांना ऐकायची यंत्रं बसवायचे आणि संध्याकाळी स्वतःच्या कानांचे लाड करायचे. जुनं घर मोठं होतं. विकताना मुलगी म्हणाली होती, आई, ते धूड भंगारात दे. काकूंनी सगळं घर दिलं, काका ज्यात बसून ऐकायचे ती वेताची खुर्चीसुद्धा दिली, ते धूड तेवढं आणलं.

दुपारपर्यंत मिस्त्रीने स्पीकर दोन कप्प्यांत बसवले, तोंडं शोकेसच्या काठाशी आणून. ॲम्पसाठी एक खण काढून टाकला आणि बाजूला जाळी मारली. मग वायरी जोडल्या आणि खोक्यातून एक बोटाएवढा माइक काढला.

"आता यंत्राला ही खोली दाखवायची," तो म्हणाला. "बसायच्या जागेवर माइक धरायचा, कानाच्या उंचीवर. स्पीकर चिवचिवतात, तीन वेळा. तोवर कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. यंत्र आपोआप मोजतं माणूस किती लांब बसलाय ते. मग बरोब्बर त्याच्या डोक्यापाशी आवाज आणून सोडतं. जुनं माप पुसलं जाईल, नवं बसेल. एक बटण."

"पुसायचं नाही," काकू म्हणाल्या.

"अहो पण हे माप त्या घराचं आहे."

ॲम्पच्या डोक्यावर एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. काकांचं अक्षर, मुंग्यांची रांग. डावा १२ फूट. उजवा १२ फूट. कान ३९ इंच.

"हे माप ह्यांच्या कानांचं आहे," काकू म्हणाल्या. "घराचं नाही."

मिस्त्रीने खांदे उडवले. गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा. त्याने माइक खोक्यात टाकला आणि चहा मागितला.

२

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता, काका ऐकायला बसायचे त्या वेळेला, काकूंनी पियानोची तबकडी लावली. काकांची आवडती. घरात तीस वर्षं वाजून वाजून काकूंना ती अशी पाठ झाली होती की शिलाईच्या मशीनवर पाय त्याच तालात पडायचा. तिसऱ्या गतीत, म्हणजे तिसऱ्या भागात, एका जागी वादक थांबतो. दोन श्वासांएवढा. मग पुन्हा सुरू होतो. त्या थांब्यात काका कधी कधी अंगठीने खुर्चीच्या लाकडावर दोनदा वाजवायचे, टक टक. म्हणजे काय ते काकूंनी कधी विचारलं नाही. 'वा' असणार.

काकू सोफ्यावर बसल्या, भिंतीला पाठ लावून. आवाज सुंदर होता, पण त्यांच्यापाशी येत नव्हता. डोक्यावरून मागे चालला होता, त्यांना न विचारता. समारंभात आपल्या मागच्या माणसाला बघून कोणी हसावं आणि आपण उगाच हसून बसावं, तसं काहीसं झालं.

मग तो थांबा आला, आणि त्या दोन श्वासांत वेत करकरला.

काकू ताठ झाल्या. वेताची खुर्ची कशी बोलते ते त्यांना कोणी सांगायला नको. माणूस बसला की एकदा, आणि कोणी पाठीवर भार दिला की लांब, चिवट. हा दुसरा आवाज होता. आणि तो मागून आला होता.

त्यांनी तबकडी परत लावली. तबकडीतलाच असेल, या बारक्या खोलीत आता ऐकू येतोय. दुसऱ्यांदा थांबा आला, वेत नाही करकरला. तिसऱ्यांदा करकरला. तबकडीतला आवाज काय रजेवर जातो?

शेजारी म्हणावं तर त्या भिंतीला शेजार नव्हता. ती इमारतीची शेवटची भिंत. पलीकडे तिसऱ्या मजल्याएवढी हवा.

काकू भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. वय झालं, कान वाजतात, ह्यांनीच किती जणांना सांगितलं असेल हे. त्यांनी स्वतःला असं सगळं समजावलं, चहा टाकला, आणि दूध उतू जाईपर्यंत भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. खरं सांगायचं तर त्या घाबरल्या नव्हत्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं की घरात आपण एकट्या नाही आणि ते इतकं बरं वाटलं की त्यांना रडू आलं.

त्या रडण्यात एक जुना सल होता. काका रविवारी त्या माइकचा खेळ मांडायचे आणि हाक मारायचे, "अगं, दोन मिनिटं बस इथे. तोंड मिटून, मान न हलवता." काकू हातातली सुई घेऊनच काकांच्या खुर्चीत बसायच्या. काका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागे उभे. स्पीकर चिवचिवायचे. एकदा होई, दोनदा होई, तोवर दार वाजायचं, गिऱ्हाईक यायचं, कुकरची शिट्टी व्हायची. काकू उठायच्या. "काजं करायची राहिलीत हो." तिसऱ्या वेळेपर्यंत त्या कधीच बसल्या नाहीत. ह्यांना आपल्या यंत्राचं कौतुक करून घ्यायचंय, एवढंच त्यांना वाटायचं.

३

सोमवारी सकाळी काकूंनी गळ्यातली कापडी टेप काढली आणि शोकेसच्या काठापासून समोरच्या भिंतीपर्यंत माप घेतलं. नऊ फूट दोन इंच.

यंत्राला वाटत होतं माणूस बारा फुटांवर बसलाय. बारातून हे वजा जाता दोन फूट दहा इंच. भिंत नऊ इंच जाड. म्हणजे काकांची खुर्ची भिंतीच्या पलीकडे, दोन फूट बाहेर, हवेत.

हे गणित मनात मांडून काकू स्वतःशीच हसल्या. पण भिंतीच्या कडेची खिडकी उघडून त्यांनी वाकून बघितलंच. खाली वाहनतळ, सांडपाण्याचा पाइप, एसीचा जुना पिंजरा. बाकी काही नाही. समोरच्या गच्चीवरून कबुतरांचा थवा उठला आणि इमारतीच्या अंगावरून गेला. काकू खिडकी लावणार होत्या, तेवढ्यात थवा फिरून परत आला. त्यांच्या डाव्या हाताला, भिंतीपासून दोन हातांवर, तो फाटला. अर्धी कबुतरं वरून गेली, अर्धी खालून, आणि पुढे जाऊन एक झाली. रस्त्यात उभ्या माणसाला वळसा घालावा तशी.

तिसऱ्या फेरीलाही तसंच झालं. काकूंनी खिडकी लावली आणि मिस्त्रीला फोन केला.

"स्पीकर मागे घ्यायचेत," त्या म्हणाल्या.

"मागे?" मिस्त्री हसला. "लोक पुढे घ्यायला सांगतात काकू. मागे घेतले की आवाज कोंडतो. आणि मागे जागा कुठाय?"

"पाठीचा प्लाय कापा. वायरीपुरतं भिंतीत टोकरा. दोन अडीच इंच मिळतील."

"आणि त्या अडीच इंचांनी काय होणार?"

"अडीच इंच कमी पडले तर कोट अंगात जात नाही, मिस्त्री."

त्याने ते केलं. संध्याकाळी काकूंनी तबकडी लावली आणि थांब्यापाशी श्वास धरला. वेत करकरला. जवळून. अडीच इंच जवळून, हे काकू शपथेवर सांगू शकल्या असत्या. स्पीकर जितके मागे जातील, तितकी ती खुर्ची पुढे येत होती. घराकडे.

अशी गोष्ट कोणाला सांगणार? ज्याला सांगाल तो आधी कपाळाला हात लावून ताप बघेल.

४

मुलगी दर बुधवारी ऑफिसातून लवकर निघून यायची. चाळिशी उलटली तरी घरात ती छोटीच. आली की फ्रिज उघडून बघायची, औषधाच्या गोळ्या मोजायची आणि मग कपाटावर घसरायची.

हे कपाट झोपायच्या खोलीत होतं, शोकेसच्या बरोबर मागे. मधे साडेचार इंचांची भिंत. बावीस इंच खोल कपाट आणि त्यात काकांचे कपडे, काकूंनी शिवलेले अकरा कोट, शर्ट, पँटी. आणि एक बारावा कोट, काकांच्या आजारात शिवायला घेतलेला. सगळा झालेला, फक्त उजवी बाही पांढऱ्या धाग्याच्या कच्च्या टाक्यांवर लटकत होती. पक्की शिवायच्या आधीच काका गेले.

"आई, किती दिवस हे असं ठेवणार?" छोटी म्हणाली. "कसर लागेल. कोणाच्या तरी अंगावर जाऊ दे ना."

दोन वर्षं काकू या वाक्यावर खोलीतून निघून जायच्या. या वेळी त्या म्हणाल्या, "घेऊन जा."

"काय?"

"सगळे घेऊन जा. त्या संस्थेत दे. मला कपाट रिकामं हवंय."

छोटीचे डोळे भरून आले. आईने एकदाचं मन घट्ट केलं, असं तिला वाटलं आणि तिने आईला मिठीच मारली. काकूंनी ती मिठी चोरासारखी सोसली. दोघींनी मिळून पिशव्या भरल्या. बारावा कोट काकूंनी स्वतःच्या हाताने घडी करून वर ठेवला. बाहीचे टाके त्यांनी बोटाने एकदा मोजले. चौदा होते.

निघताना छोटी चपला घालायला सोफ्याच्या हातावर टेकली आणि मागच्या भिंतीला हात लावून म्हणाली, "ही भिंत गरम आहे का गं?"

"ऊन लागतं त्या बाजूला."

"ऊन? आत्ता? आणि एवढ्याच जागी?" तिने तळहात वर नेला, खाली नेला. "इथेच आहे बघ. थाळीएवढी जागा."

काकूंनी तिला लिफ्टपर्यंत सोडलं. परत येऊन त्या गरम जागेवर गाल ठेवून उभ्या राहिल्या. नीट उभं राहता येत नव्हतं, बरंच वाकावं लागत होतं. ते का, याचा विचार तेव्हा त्यांच्या मनात आला नाही. त्यांना माणूस हवा होता. दोन वर्षं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं की त्या रोज दोन कप चहा टाकतात आणि दुसरा गार झाला की ओतून देतात.

५

मिस्त्रीने मधली भिंत फोडायला दोन दिवस घेतले. स्पीकरच्या रुंदीच्या दोन खिडक्या, शोकेसमधून थेट कपाटात निघणाऱ्या. खाली जाड फळ्या टाकल्या. "आयुष्यात असलं काम केलं नाही," तो पुटपुटत होता, "लोक सामान बसवायला कपाट करतात, इथे सामान घालवायला." पण काम चोख केलं. स्पीकर फळीवरून सरकत सरकत कपाटाच्या दारांना जाऊन टेकले.

"अठ्ठावीस इंच मागे गेले," त्याने टेप गुंडाळली. "बास?"

चौतीस हवे होते. काकूंनी मनात वजाबाकी केली. खुर्ची आता बाहेर नव्हती. आतही नव्हती. सहा इंच कमी, म्हणजे ह्यांचं डोकं बरोब्बर भिंतीच्या आत होतं.

"तबकडी लावा," त्या म्हणाल्या.

मिस्त्रीने लावली, आणि भिंत हादरते का ते बघायला समोरच्या भिंतीवर तळहात टेकवून उभा राहिला. त्याची ही कामाची रीत होती. पहिली गत झाली, दुसरी झाली. दोन बोगद्यांतून यावा तसा आवाज येत होता. तिसऱ्या गतीत तो थांबा आला.

या वेळी वेत करकरला तो दबून, उशीखाली धरल्यासारखा. आणि त्यानंतर टक टक. विटेवर.

मिस्त्रीने तव्यावरून काढावा तसा हात मागे घेतला.

पियानो आपला वाजत होता. मग मिस्त्री हळूच म्हणाला, "तुमच्याकडे वेताची खुर्ची आहे का हो काकू?"

"होती."

त्याने अवजारं गोळा करायला घेतली. एरवी एक एक पुसून ठेवणारा माणूस, आज नुसती पिशवीत टाकत होता.

"कपाटाची दारं काढा," काकू म्हणाल्या. "तेवढंच राहिलंय. पलंग मी सरकवते. पलंग आणि कपाटाच्या मधे वीस इंच मिळतात, मी मोजलेत."

"मी नाही काढणार."

"मिस्त्री, ते अडकलेत तिथे."

हे बोलून गेल्यावर काकूंना स्वतःचाच आवाज ऐकू आला. मिस्त्रीलाही आला. तो हसला नाही. चहा न घेता तो दारापर्यंत गेला आणि तिथून परत आला.

"काकू, माझं ऐका. ते एक बटण आहे. मी माइक धरतो, तुम्ही सोफ्यावर बसा. यंत्र नवं माप घेईल, आवाज तुमच्यापाशी येईल, आणि हे जे काय आहे ते..." त्याने हाताने हवा पुसली. "मी भिंती फोडतो. भिंतीत काय आहे ते बाहेर काढणं माझं काम नाही."

"माझ्या चाळीस वर्षांत मी एक माप पुसलं नाही," काकू म्हणाल्या.

तो गेला. जाताना दार त्याने अगदी हळू ओढून घेतलं, आत कोणी झोपलं असावं तसं.

६

शनिवारी दुपारी काकूंनी कपाटाची दारं स्वतः काढली. मशीन उघडून साफ करायचा पेचकस होता, त्याने बिजागऱ्यांचे स्क्रू फिरले. सहासष्टाव्या वर्षी दार अंगावर घेणं सोपं नव्हतं, पण गरज पडली की म्हातारीही डोंगर चढते. पलंग त्यांनी पाठीने रेटून पलीकडच्या भिंतीला लावला. आता स्पीकरला मागे टेकू हवा होता. एकाखाली शिलाईचं मशीन आलं. दुसऱ्याखाली स्टूल ठेवलं, ते बुटकं पडलं, म्हणून त्यावर मापाच्या वह्यांचा गठ्ठा रचला. सगळ्या गिऱ्हाइकांचे खांदे, छात्या, बाह्या त्या स्पीकरखाली गेल्या आणि उंची बरोब्बर जमली.

स्पीकर आणखी वीस इंच मागे गेले. पलंगाच्या काठाला चिकटले. आता ना मागे इंच, ना पुढे.

एकूण अठ्ठेचाळीस. चौतीस भिंतीपर्यंतचे. उरले चौदा. म्हणजे बारा फुटांची ती जागा आता बैठकीच्या खोलीत होती, भिंतीपासून चौदा इंच अलीकडे.

काकूंनी सोफा ओढून बाजूला केला आणि ती जागा मोकळी केली. मग चिठ्ठी वाचली, कान ३९ इंच, आणि जमिनीपासून एकोणचाळीस इंच मोजून भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. छोटीला लागलेली गरम जागा त्या खुणेवरच होती.

खूण बघत त्या उभ्या राहिल्या, आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की काहीतरी चुकलंय. पुरुषांचे कोट शिवणाऱ्या बाईला नवऱ्याचं माप पाठ नसेल तर कोणाला? काका उंच. एकसारख्या दोन खुर्च्यांवर बसले की काकूंचं डोकं त्यांच्या खांद्याला लागायचं. बसलेल्या काकांचे कान जमिनीपासून चव्वेचाळीस इंच. एकोणचाळीस नाही.

त्यांनी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची आणली आणि टेप हातात घेऊन बसल्या. जमिनीपासून स्वतःच्या कानापर्यंत. एकोणचाळीस.

दोन मिनिटं बस इथे. तोंड मिटून.

म्हणजे ते कौतुक करून घेत नव्हते. माप घेत होते. बायकोचं. दर रविवारी, दर वेळी अर्धवट राहिलेलं, तेवढंच यंत्रात ठेवलेलं, आणि दर रविवारी पुन्हा. आपल्या खुर्चीत काका आयुष्यभर दुसऱ्याच्या मापाचा कोट घालून बसले होते. पाच इंच वरून ऐकत होते आणि 'वा' म्हणत होते.

आणि हवेतून, विटांतून, इंचाइंचाने काकूंनी जी जागा घरात ओढून आणली होती, तीत कोणी बसलेलंच नव्हतं. ती रिकामी होती. धरून ठेवलेली होती.

मग मागे उभं राहून, पाठीवर भार देऊन वेत करकरवत होतं कोण, हे काकूंना कुणी सांगायची गरज राहिली नाही.

७

त्यांनी खुर्ची त्या जागेवर ठेवली. पाठीमागे भिंत चार बोटांवर आली. चार बोटांत माणूस उभा राहू शकत नाही. त्या बसल्या, हात मांडीवर घेतले. आज हातात सुई नव्हती.

तबकडी सुरू झाली आणि आवाज आला. डोक्यावरून नाही, बाजूने नाही. दोन बोगद्यांतून निघून तो त्यांच्या दोन कानांशी येऊन उभा राहिला, असा की पियानोचा खालचा सूर त्यांना छातीच्या हाडात लागला. तीस वर्षं ऐकलेली तबकडी काकूंनी पहिल्यांदा ऐकली. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "एवढं चांगलं आहे हे?"

तिसरी गत आली. थांबा आला.

टक टक. त्यांच्या खुर्चीच्या पाठीच्या लाकडावर, उजव्या खांद्याच्या मागे.

पियानो पुन्हा सुरू व्हायला हवा होता. झाला नाही. त्याऐवजी डावा स्पीकर चिवचिवला. मग उजवा. माइक खोक्यात होता, खोकं माळ्यावर होतं. डावा, उजवा. एकदा झालं.

हलायचं नाही. बोलायचं नाही.

काकूंनी मान हलवली नाही. पण समोर शोकेसमध्ये टीव्ही होता, बंद, काळा, आणि डोळे हलवायला काही मनाई नव्हती. काचेत त्यांना खुर्ची दिसली, खुर्चीतली बुटकी बाई दिसली. बाईच्या मागे भिंत असायला हवी होती. तिथे खोली पुढे चालू होती, लांब, अंधारी, जुन्या घराएवढी. आणि बाईच्या खांद्याशी खुर्चीच्या पाठीवर एक हात होता. त्याच्या वर बाही. बाहीच्या खांद्याशी पांढरे टाके.

डावा. उजवा. दोनदा झालं.

तेवढ्यात दार वाजलं.

"आई!" बाहेरून छोटीचा आवाज. "आई, उघड गं. संस्थेवाल्यांनी एक कोट परत दिलाय. बाही कच्चीच आहे म्हणतात, पुरा करून द्या. आई? हा माझ्या हातात आहे बघ, जड आहे, उघड ना."

काचेतल्या हाताची बोटं किंचित उचलली गेली. उठणाऱ्या माणसाला वाट द्यावी तशी. या क्षणाला काय होतं ते त्या हाताला सवयीने माहीत होतं.

"आई?" दारावर पुन्हा थाप पडली. मग बेल. मग फोन वाजायला लागला, स्वयंपाकघरात, ओट्यावर. गॅसवर दोन कप चहाचं आधण होतं, तेही फसफसून वर येत होतं.

डावा स्पीकर तिसऱ्यांदा चिवचिवला.

काकू बसून राहिल्या. हळूहळू त्या हाताचं वजन, पूर्ण, त्यांच्या खांद्यावर आलं.